धूळपाटी, रेडिओ, उपग्रह आणि शिक्षक



कोणत्याही शाळेत पाहुणे आले की हल्ली त्यांना प्रथम संगणक कक्ष दाखविण्यात येतो आणि त्यानंतर ज्या वर्गात भिंतीवर मोठा काचेचा पडदा बसविला आहे तो वर्ग. पूर्वी प्रयोगशाळा दाखवीत असत, त्याही पूर्वी ग्रंथालय. यात वावगे काही नाही. समाजाच्या देणगीतून वस्तू आली की ती चारचौघांना दाखवावीशी वाटणारच. परंतु इतिहास शिकविणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. नवी वस्तू पाहिली की हिच्या आधी काय आले होते आणि त्याचे पुढे काय झाले, हे त्याला विचारल्यावाचून राहवत नाही. शाळेत नवे साधन येण्याचा आणि त्याच्याकडून फार मोठ्या अपेक्षा धरण्याचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे. त्यातील बराचसा आपल्याच देशात घडला असून काही भाग तर आपल्या महाराष्ट्रात घडला आहे. तो आपल्यापुढे ठेवण्याचे कारण असे की, साधनासाठी पैसे देणारे आपण आहात आणि त्या साधनासमोर बसणारी मुलेही आपलीच आहेत.

आपल्याकडे अक्षरओळख धुळाक्षरांनी होत असे. पाटावर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, चुकले की तळहाताने पुसून पुन्हा काढायचे. मक्तबात लाकडी तख्ती असे. ती मुलतानी मातीने सारवून वाळवायची, बोरूच्या कलमाने लिहायचे आणि धुऊन पुन्हा सारवायची. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी लहानपणी तख्ती सारवली असेल. त्यांना विचारून पाहा, त्या ओल्या मातीचा वास त्यांना अजून आठवत असेल. धूळपाटी काय किंवा तख्ती काय, दोन्हींचा गुण एकच होता : चूक करायला खर्च पडत नव्हता. कागद महाग असलेल्या काळात ही लहानसहान सोय नव्हे.

हीच धूळ एका इंग्रजी शाळेत कशी शिरली, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री १७८९ साली मद्रासजवळ एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. एके दिवशी सकाळी घोड्यावरून जात असताना त्यांना एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटांनी अक्षरे काढीत होती. बेल यांना ती युक्ती पसंत पडली आणि त्यांनी आपल्या शाळेतील शिक्षकाला तसे करण्यास सांगितले. त्या शिक्षकाने हे होणे नाही असे उत्तर दिले. तेव्हा बेल यांनी ते काम फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलावर सोपविले आणि त्या मुलाने खालच्या वर्गाला वाळूत अक्षरे शिकवून दाखविली. झाले! बेल यांनी एकामागून एक वर्ग मुलांच्याच हाती दिले, आणि १७९७ साली लंडनला या प्रयोगाचा वृत्तान्त छापला. मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवावे, एका शिक्षकाने साऱ्यांवर देखरेख ठेवावी, ही पद्धत ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. लंडनमध्येच जोसेफ लँकेस्टर यांनी तशीच पद्धत चालवून एक मास्तर एक हजार मुलांना शिकवू शकेल असा दावा केला. पुढे १८२० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यातील नव्या मराठी व गुजराती शाळांसाठी शिक्षक तयार करण्यात आले, तेव्हा त्यांना ही लँकेस्टरची पद्धत शिकविण्यात आली. म्हणजे आपलीच वाळू विलायतेला जाऊन नवे नाव घेऊन परत आली.

आता या हकीकतीत त्या नकार देणाऱ्या शिक्षकाला सहसा हास्यास्पद ठरविण्यात येते. मला तसे वाटत नाही. त्याला ही युक्ती कोणी समजावून सांगितली होती काय, करून दाखविली होती काय, हे त्या हकीकतीत कुठेच येत नाही. हुकूम आला, त्याने नकार दिला, आणि त्याला बाजूला सारण्यात आले. ‘शिक्षकावाचूनही चालते’ असा जो अर्थ बेल व लँकेस्टर यांनी त्यातून काढला, तोच सरकारांना आणि देणगीदारांना आवडला, कारण तो स्वस्त होता. परिणाम काय झाला? शेकडो मुले एका दालनात बसून घोकंपट्टी करू लागली. आठ-दहा वर्षांचा मुलगा दुसऱ्या मुलाला अक्षर गिरवून देऊ शकतो. परंतु त्याला न समजलेले कसे समजावून सांगावे, हे तो कसे जाणणार? इंग्लंडमध्ये १८४६ सालापासून या पद्धतीऐवजी रीतसर उमेदवारी करणाऱ्या शिकाऊ शिक्षकांची योजना सुरू झाली आणि मद्रास पद्धत हळूहळू मागे पडली. वाळूचा यात काही दोष नव्हता.

यानंतर दगडी पाटी आली, भिंतीवर फळा आला, नकाशे आले, छापील वाचनपाठ आले. त्यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ती साधने इतकी मुरली की त्यांना कोणी साधन म्हणेनासे झाले. फळ्याने शिक्षकाचे काम काढून घेतले नाही, उलट वाढविले. कदाचित म्हणूनच तो टिकला असावा.

आता एकदम १९५६ सालाकडे येऊ, कारण त्या वर्षी पुण्यात जे घडले ते फारच थोड्या लोकांच्या स्मरणात आहे. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांत दीडशे गावी रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन केली. दर आठवड्यास दोन याप्रमाणे अर्ध्या-अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे होते. गावातील पंधरा-वीस माणसांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, संपल्यावर त्यावर चर्चा करायची, शंका लिहून केंद्राकडे पाठवायच्या आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे ऐकायची, अशी ती व्यवस्था होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली आणि त्या कामी पॉल न्यूरथ हे समाजशास्त्रज्ञ प्रमुख होते. पाहणीची रचनाच मोठी शहाणपणाची होती. मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी करण्यात आली : एक, जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि दुसरी, जेथे रेडिओही नव्हता.

वाचकहो, निकाल काय लागला असेल, याचा अंदाज आपण करू शकाल. ज्या गावांत ऐकणे आणि बोलणे दोन्ही होते, तेथे लोकांच्या ज्ञानात भरघोस वाढ दिसून आली. ज्या गावांत नुसताच रेडिओ होता, तेथे ती फारच थोडी होती. यंत्र तेच, आवाज तोच, कार्यक्रमही तेच. फरक होता तो ऐकून झाल्यावर पुढे काय घडले याचा. हा प्रयोग प्रौढांचा होता, शाळेचा नव्हता, हे खरे. तरीही माझ्या मते शाळेतील साधनांविषयी आपल्या भागात मिळालेला याहून स्पष्ट धडा दुसरा नाही.

शाळांसाठी दूरचित्रवाणीचा उपयोग दिल्लीत १९६१ सालीच सुरू झाला होता. परंतु देशाचे लक्ष वेधले ते १९७५ च्या उपग्रह प्रयोगाने. डॉ. विक्रम साराभाई यांची अशी श्रद्धा होती की, ज्या देशात खेड्यापर्यंत चांगला शिक्षक पोहोचविण्यास पिढ्या लागतील, तेथे उपग्रह ते अंतर एका झेपेत ओलांडील. १९६९ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेशी करार झाला. साराभाई १९७१ च्या अखेरीस निवर्तले. पण काम थांबले नाही. अमेरिकेचा ‘एटीएस-६’ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरावयास मिळाला आणि १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत त्याचे कार्यक्रम दिसू लागले. तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री, तिच्याखाली संच, आणि काही ठिकाणी वीज नसल्यामुळे बॅटरी! छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून येणारे चित्र ज्या गावात दिवा नाही त्या गावात दिसावे, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. परंतु मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईतील ‘इस्रो’च्या स्टुडिओत तयार होत होते.

सकाळी शाळेतील मुलांसाठी प्रत्येक भाषेत साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम असे. हिंदी, ओरिया, तेलुगू आणि कन्नड अशा चार भाषा होत्या. मुले पाच ते बारा वर्षांची, म्हणजे पहिलीचा मुलगा आणि पाचवीची मुलगी एकाच कार्यक्रमासमोर. राजस्थानात आणि बिहारात हिंदी तीच, दोन्हीकडची घरची बोली मात्र वेगळी. कार्यक्रम मध्येच थांबविता येत नव्हता, मागे नेता येत नव्हता. एखाद्या मुलाने ‘सर, हे काय?’ म्हणून विचारले, तर उत्तर देता देता पुढचे चित्र निघून जाई. मुलांना कार्यक्रम आवडले. भाषेत व जिज्ञासेत काही वाढ दिसली. पण शाळेतील नोंदणी किंवा गळती यांवर ठळक परिणाम दिसला नाही. इतका गाजावाजा झालेल्या प्रयोगाच्या मानाने हे फळ बेताचेच म्हणावे लागेल.

परंतु याच प्रयोगाचा एक भाग असा होता की ज्याच्याविषयी क्वचितच बोलले जाते, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच सकाळच्या वेळेचा उपयोग करून, मुलांना सुट्टी असताना, प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाचे बारा-बारा दिवसांचे वर्ग घेण्यात आले. ऑक्टोबर १९७५ आणि जून १९७६ अशा दोन फेऱ्यांत मिळून जवळजवळ ५०,००० शिक्षक त्यात शिकले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्याची आखणी केली होती. शिक्षक दूरचित्रवाणीवर कार्यक्रम पाहत, रेडिओवर ऐकत, हाती छापील साहित्य असे. आणि मग केंद्रावरील मार्गदर्शकाबरोबर साध्या वस्तूंनी प्रयोग करून त्यावर चर्चा करीत. पुण्याच्या मंडळांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पाहणे, करणे, बोलणे, विचारणे हे सारे येथे जुळून आले होते. उपग्रह वर्षभराने निघून गेला, छत्र्या निरुपयोगी झाल्या. पण त्या बारा दिवसांत शिक्षकाने जे आत्मसात केले ते त्याच्याबरोबर निवृत्तीपर्यंत वर्गात राहिले असणार.

या प्रयोगाच्या काळात अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक असलेले प्रा. यशपाल हे त्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७२ साली अगदी वेगळ्या टोकाच्या एका कामाला हातभार लावला होता. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांत, मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावे असा कार्यक्रम सुरू झाला. साधने अगदी किरकोळ होती : भिंग, चुंबक, सुया, परीक्षानळ्या, आसपासची पाने आणि माती. मात्र शिक्षकांची सुट्टीत शिबिरे होत, दरमहा बैठक होई. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला ते तेथे मांडले जाई आणि त्यावरून मुलांच्या पुस्तकात बदलही होत. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यात पसरला आणि २००२ साली सरकारने बंद करीपर्यंत चालला. उपग्रह आणि सुई यांत साम्य काय असावे? पण वर म्हटलेल्या शिक्षकवर्गांत आणि होशंगाबादेत साम्य आहे ते हेच, की दोन्हीकडे शिक्षकाला आधी शिकविण्यात आले.

याच्या उलट घडले ते आपल्याकडे ‘खडू-फळा मोहीम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये ती सुरू झाली. हेतू अत्यंत स्तुत्य होता. प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य मिळावे. फळा, नकाशे, खेळणी, पुस्तके, विज्ञान पेटी, गणित पेटी असे साहित्य शाळाशाळांत पोहोचले. पण त्या पेट्या वापरण्याचे खास प्रशिक्षण प्राथमिक शिक्षकांना देण्याची योजना निघाली ती १९९३-९४ मध्ये! तोवर वस्तूंची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात झाली होती. ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना या रजिस्टराचा महिमा ठाऊक आहे. काचेची नळी फुटली तर खुलासा मागणार, आणि कपाटात बंद राहिली तर कोणी विचारणार नाही. मग शहाण्या मुख्याध्यापकाने काय करावे? कुलूप लावावे. यात आळस कमी आणि हिशेबाची भीती अधिक होती.

येथे आपल्या समाजापुरते दोन शब्द. शाळेसाठी देणगी देणारे आपल्यातील अनेकजण ती सदका-ए-जारिया समजून देतात. आपल्या पश्चातही जिचे पुण्य वाहत राहते अशी ती देणगी. तेव्हा दिलेली वस्तू वर्गात फिरते आहे की कपाटात स्वस्थ बसली आहे, हे पाहणे देणाऱ्याचेही काम आहे. वस्तू वापरताना मोडली तर शिक्षकाला जाब विचारला जाणार नाही, असे विश्वस्तांनी एकदा लेखी सांगितले, तर निम्मी कुलपे त्याच दिवशी निघतील असे मला वाटते.

१९८४-८५ मध्ये विलायती बनावटीचे संगणक देशातील सुमारे अडीचशे शाळांत आले, २००४ साली शिक्षणासाठीचा स्वतंत्र उपग्रह ‘एज्युसॅट’ आकाशात गेला. ती प्रकरणे थोड्याफार फरकाने हीच कथा पुन्हा सांगतात, म्हणून त्यांच्या तपशिलात शिरत नाही. २०२० सालचे मात्र सांगितले पाहिजे. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि सारे शिक्षण एका रात्रीत फोनवर आले. अनेक घरांत फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. घरी असला तर भावाचा तास आधी, बहिणीचा मागाहून. हे आपण साऱ्यांनी पाहिले आहे. त्या काळात ज्या शिक्षकांनी नुसते चित्रफितींचे दुवे पाठविले आणि ज्यांनी आठवड्यातून एकदा घराच्या दाराशी उभे राहून वही तपासली, त्यांच्या मुलांतील फरक शाळा उघडल्यावर लपून राहिला नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली, याचीच चर्चा अधिक झाली. पण त्यांनी केले काय होते? त्यांच्या वर्गातील मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्या भाषेतील. तेव्हा त्यांनी गावची भाषा शिकून घेतली, पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि पानापानावर क्यूआर कोड छापले. ती चौकोनी खूण फोनने टिपली की कविता ऐकू येई, धडा दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे कोड आले. आज आपल्या मुलांच्या पुस्तकांत ते आहेत. उघडून पाहा, किती मुलांनी ते वापरले आहेत? परितेवाडीत कोड छापण्याआधी शिक्षकाने मुलांची भाषा ओळखली होती. आपल्या घरांत उर्दू, दखनी किंवा कोकणी बोलणारी आणि मराठी शाळेत बसणारी शेकडो मुले आहेत. त्यांच्यासाठी याहून जवळचे उदाहरण मला सुचत नाही.

आता भिंतीवरच्या त्या काचेच्या पडद्याकडे वळू. त्यावर पुस्तकाचेच पान मोठे करून दाखवायचे आणि मुलांनी ते वहीत उतरवून घ्यायचे, असे जेथे चालते तेथे पन्नास रुपयांच्या पुस्तकाचे काम लाख रुपयांच्या वस्तूकडून करून घेतले जाते. पण इतिहासाच्या तासाला त्याच पडद्यावर कोकण किनाऱ्याचा नकाशा उघडला, दाभोळ, चौल, जंजिरा ही ठिकाणे मुलांकडून शोधून घेतली, आणि मग पडदा बंद करून विचारले की या खाडीच्या तोंडाशीच बंदर का वसले असेल, तर वर्गात जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. पडदा केव्हा बंद करावा, हे ठरविण्यास शिक्षकाला आदल्या रात्री तास-दीड तास लागतो, आणि तो तास कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेला नसतो.

तेव्हा पालकहो, पुढील वार्षिक सभेत अंदाजपत्रक आपल्या हाती येईल तेव्हा पडद्याच्या आणि संगणकांच्या रकमेपाशी थांबू नका. त्याच्या खालच्या ओळी वाचा : शिक्षकांच्या प्रशिक्षणास किती, दुरुस्तीस किती, वीज गेल्यास काय, आणि आठवड्यातून एक तास शिक्षकांना एकत्र बसून पाठ आखण्यास मोकळा ठेवला आहे काय. त्या ओळी अंदाजपत्रकात नसतील तर उभे राहून विचारा. आणि विद्यार्थी मित्रहो, घरी गेल्यावर आजी-आजोबांकडून तख्ती सारवण्याची रीत लिहून आणा. इतिहासाच्या तासाला आपल्याला ती लागणार आहे.